पत्ता सोडून गेले

रिसेप्शनवरच्या मुलीने जाड लिफाफा काउंटरवरून पुढे सरकवला, आणि सुदाम रामटेके यांनी त्याला हात लावण्याआधी पोच लिहायला रजिस्टर मागितलं.

रजिस्टर नव्हतं. केबिनचं कार्ड दाखवलंत, तेवढं पुरे, असं ती इंग्रजीत म्हणाली. सुदामराव हिरमुसले. जर्मन शिस्तीबद्दल त्यांनी नागपुरात पुष्कळ ऐकलं होतं. दोन सभांत स्वतः सांगितलंही होतं. आता पाच माणसांचे पासपोर्ट पोच न घेता हवाली होताना पाहून त्यांना त्या सभांतल्या श्रोत्यांबद्दल वाईट वाटलं.

"एक कागद द्या," ते म्हणाले. "माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

मुलीने कालच्या मेनूकार्डाची कोरी बाजू दिली. तिच्यावर त्यांनी तारीख घातली, 'एक बंद लिफाफा, वर रामटेके ५ असे लिहिलेला, सुस्थितीत मिळाला' असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली सही केली. छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढून, त्यातली शेवटची अकरा उमरेडला सब-पोस्टमास्तर म्हणून, ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. लिफाफा त्यांनी उघडला नाही. बंद पाकीट ज्याच्या नावाचं त्यानेच उघडायचं, आणि या पाकिटात नावं पाच होती. जहाजाने दिलेल्या लाल जाकिटाच्या आतल्या खिशात तो ठेवून त्यांनी वरून दोनदा थापटला.

जहाज हॅम्बर्गहून निघाल्याला आज नववा दिवस होता. उत्तर ध्रुवाकडच्या बेटांची मोहीम, असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. मोहिमेत रोज दुपारी साडेतीनला केक होता. कचऱ्याला चार रंगांचे चार डबे होते. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी चहाची पुडी चुकीच्या डब्यात टाकली, तेव्हा शेजारच्या केबिनमधल्या बाईंनी ती दोन बोटांनी काढून योग्य डब्यात घातली आणि हसून 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या. प्रवासी एकशे वीस. सुदामरावांनी पहिल्याच दिवशी हिशेब केला होता: एकशे पंधरा जर्मन, आणि पाच रामटेके.

सहल त्यांच्या मुलाची, सुयशची भेट होती. खात्याच्या एका जुन्या मासिकात जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या पोस्टाचा फोटो आला होता. पूर्वी उमरेडलाच कारकून असताना सुदामरावांनी तो ऑफिसात काचेखाली लावला होता, आणि लहानग्या सुयशला मांडीवर बसवून 'इथपर्यंत टपाल जातं' असं दाखवलं होतं. पोराने ते लक्षात ठेवलं. पस्तिशीला टेकलेल्या, विमानाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या पोराने बापाचं असं काही लक्षात ठेवावं, याने सुदामराव इतके विरघळले होते की व्हिसाच्या वेळी त्यांनी फारसे प्रश्नच विचारले नाहीत. ते पोस्ट असलेलं बेट युरोपच्या व्हिसाच्या हद्दीबाहेर, म्हणून तुमच्या व्हिसावर दोनदा प्रवेश हवा, असं सुयशने फोनवर बजावलं होतं.

"आणि तुमच्या?"

"आमचं इथलं इथे होतं, बाबा."

इथलं इथे होत असेल, असं त्यांनी मानलं. हॅम्बर्गला पोचल्यावर सुयशच्या घराच्या बाल्कनीत काळा-लाल-सोनेरी झेंडा दिसला, तेव्हाही त्यांनी असंच काही मानलं होतं. जुलैपर्यंत फुटबॉलचा विश्वचषक तिथे चालला होता आणि गल्लीत घरोघरी झेंडे होते. ज्यांच्या गावात राहतो त्यांच्या सणाला आपणही तोरण लावावं, हे बरोबरच होतं.

शिवाय सुयशला काहीतरी सांगायचं होतं. ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. नॉर्वेच्या खाडीत, डेकवर, तो शेजारी येऊन उभा राहिला होता.

"बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल."

"आल्झो..." अडलं की सुयशच्या तोंडी हा जर्मन शब्द येई. त्याने कठड्यावरचा हात काढून खिशात घातला. "तो धबधबा बघितलात?"

दुसऱ्यांदा व्हेल दिसला तेव्हा. तिसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर. त्या वेळी सूनबाई प्रियाने टेबलाखालून नवऱ्याला मारलेली लाथ अंतर चुकल्यामुळे सुदामरावांना लागली. त्यांनी ती कोणाला परत केली नाही. उलट केबिनमध्ये गेल्यावर ते खुशीत होते.

"तारीख सांगणार आहे बघ, परत यायची," ते कमलाबाईंना म्हणाले. "नोकरीचा राजीनामा म्हणजे गंमत नाही. घाबरतोय बिचारा."

"तुम्ही पाय पुसा आधी," कमलाबाई म्हणाल्या. "गालिचा ओला होतोय."

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या घरावर सुदामरावांनी निवृत्तीनंतर वरचा मजला चढवला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नात मुक्ताची अडचण नको म्हणून कमोड. दारावर 'डॉ. सुयश सुदाम रामटेके' अशी पितळी पाटी, वेगळी बेल, वेगळी पत्रपेटी. बेल बिघडू नये म्हणून ते महिन्यातून एकदा वर जाऊन ती वाजवत, क्षणभर दारात थांबत आणि खाली येत. सत्त्याण्णव साली जर्मनीत कायझर्सलाउटर्नला शिकायला जाताना सुयश 'दोन वर्षं, बाबा' म्हणाला होता. मग लग्न झालं, मुक्ता झाली, पीएच.डी. झाली, आणि 'मुक्ता शाळेत जायच्या आत' असं ठरलं. मुक्ता आता दुसरीत जाणार होती.

दर सव्वीस जानेवारीला बुद्धविहारात सुदामराव संविधानाची उद्देशिका वाचत. पूर्वी ती सुयश म्हणायचा, कागद न बघता, एकही शब्द न अडखळता. वाचून झालं की सुदामराव चार शब्द बोलत. शिकून परदेशी जाणं वाईट नाही, परत न येणं वाईट, असं म्हणत. आणि ज्यांची मुलं परत आली नव्हती ते नागेशराव आणि मनोरमाबाई पुढच्याच रांगेत सतरंजीकडे बघत बसत. गेल्या वर्षी त्या भाषणानंतर घरी येताना कमलाबाई म्हणाल्या होत्या,

"वरती रिकामंच आहे. वस्तीतल्या पोरांना अभ्यासिका करून द्यावी म्हणते."

"आणि सुयश आला की पोरांना काय, जिन्यात बसवायचं?"



बेटावर उतरायला दोन गट होते. डोंगराच्या अंगाने लांब चालणाऱ्यांत सुयश आणि प्रिया सकाळीच गेले. त्यांच्यापुढे अस्वलासाठी बंदूक घेतलेला माणूस होता. पासपोर्टचा विषय न्याहारीला निघाला तेव्हा सुयश पटकन म्हणाला होता की पोस्टात कार्डावरच शिक्का मारतात, पासपोर्ट कशाला हवेत. पण काल संध्याकाळी लाउडस्पीकरवर जर्मनमध्ये सूचना झाली होती, आणि ती मुक्ताने आपल्या आबांना समजावून सांगितली होती: ज्यांना पासपोर्टमध्ये अस्वलाचा शिक्का हवा, त्यांनी ते रिसेप्शनवरून घ्यावेत. सुयशला माहीत नसेल, असं सुदामरावांना वाटलं. आपणच सगळ्यांचे शिक्के मारून आणायचे आणि संध्याकाळी टेबलावर ठेवायचे. पोराने एवढं केलं, आपल्याकडूनही काहीतरी.

कमलाबाईंचे गुडघे रबरी बोटीत उतरण्याजोगे नव्हते. साडीवर लाल जाकीट घालून त्या केबिनच्या खिडकीशी बसल्या.

"टोपी कानावर घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तिथल्या लोकांना शिकवत बसू नका."

किनाऱ्यापासून वस्तीपर्यंत खडीचा रस्ता होता. झाड एकही नव्हतं. गवतसुद्धा परवानगी काढून उगवल्यासारखं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पक्ष्यांची घरटी होती आणि ते पक्षी येणाऱ्याच्या डोक्यावर टोच मारत. ते नेहमी सर्वांत उंच भागावर मारतात म्हणून प्रत्येकाला एकेक काठी दिली होती. साठ निवृत्त माणसं काठी डोक्यावर उभी धरून दोनदोनच्या रांगेत चाललेली पाहून सुदामरावांना मोर्चात आल्यासारखं वाटलं. घोषणा तेवढ्या नव्हत्या.

पोस्ट म्हणजे एक निळं लाकडी घर. काचेखालच्या फोटोत ते काळं-पांढरं होतं, त्यामुळे निळा रंग पाहून सुदामराव जरा बिचकले. दारावर वेळ लिहिली होती. आत एक काउंटर, एक वजनकाटा, भिंतीला खण पाडलेली फळी. त्यांनी टोपी काढली.

मुक्ताचा हात धरून ते रांगेत उभे राहिले. काउंटरवर तिशीतली एक नॉर्वेजियन बाई होती. ती शिक्का सरळ वरून आपटत होती. प्रत्येक ठशाची डावी कड फिकट येत होती. सुदामरावांनी पहिले चार ठसे सहन केले. पाचव्याला त्यांनी डोळे मिटले. नंबर आला तेव्हा कमलाबाईंची सूचना त्यांच्या लक्षात होती, पण त्या स्वतः खूप दूर होत्या.

"असा आपटू नका," ते इंग्रजीत म्हणाले. "आधी कडेवर टेकवा. मग लोळवा. शाई सगळीकडे जाते."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"इंडिया पोस्ट. छत्तीस वर्षं."

तिने शिक्क्याची मूठ त्यांच्याकडे फिरवून काउंटरवर ठेवली. मागे रांगेतल्या काही जणांनी घड्याळं पाहिली. पण अधिकारी माणसाने दिलेली परवानगी असल्यामुळे कोणी काही बोललं नाही.

सुदामरावांनी खिशातून आधी एक कार्ड काढलं. बर्फावरचं अस्वल. मजकूर आणि पत्ता त्यांनी सकाळीच घातला होता. डॉ. सुयश सुदाम रामटेके, वरचा मजला, इंदोरा, नागपूर. मजकूर दोन ओळींचा: 'चि. सुयश, हे कार्ड तुझ्या आधी घरी पोचेल. तू येईपर्यंत पेटीत राहील. तुझा, बाबा.' मग त्यांनी लिफाफा बाईसमोर ठेवला.

"तुम्ही उघडा," ते म्हणाले. "यात इतरांची नावं आहेत."

बाईने लिफाफा फाडून पासपोर्ट काउंटरवर ओतले आणि सवयीने रंगांप्रमाणे लावले. दोन निळे, तीन गडद लाल.

सुदामरावांनी लाल तीन बोटाने बाजूला सारले.

"डिलिव्हरी चुकली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडं समाधान होतं. रजिस्टर ठेवलं नाही की हेच होतं. "हे आमचे नाहीत. आमचे पाचही निळे. हे परत पाठवावे लागतील. ज्या कोणाचे असतील तो बिचारा शोधत असेल."

"वर रामटेके लिहिलंय," बाई म्हणाली.

"लिहिणाऱ्याची चूक. मी इतकी वर्षं हेच निस्तरलंय."

"डॉख, आबा!" मुक्ताने त्यांची बाही ओढली. ती टाचा उंच करून काउंटरवर बघत होती. "दास झिंड उन्झरं."

"काय?"

"आपले. लाल आमचे." तिने हात लांबवून वरचा उघडला. आत तिचाच फोटो होता, पुढचा दात पडलेला. "बघ. मी. हा ममाचा. हा पापाचा." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. बोटांच्या फटीतून ती म्हणाली, "युबरराशुंग होतं."

"म्हणजे?"

"सरप्राइज. पापा म्हणाला, आबांना सांगायचं नाही, सरप्राइज आहे. लाल पासपोर्ट आणले त्या दिवशी मला शाळेतून लवकर आणलं. मग आम्ही आइस खाल्लं. तीन गोळे."

सुदामरावांनी तिसरा पासपोर्ट उघडला. दुसऱ्याचं टपाल उघडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. चेहरा सुयशचा होता. नाव बरोबर होतं, स्पेलिंगसह. जन्मस्थळ: उमरेड. उमरेडचं नाव जर्मन पासपोर्टावर याआधी कधी छापलं गेलं नसावं. गावाच्या दृष्टीने ती प्रगतीच होती. त्याच्या वरच्या ओळीत एक लांबलचक जर्मन शब्द होता आणि त्यापुढे एक छोटा. लांबलचक त्यांना कळला नाही. छोटा कळला: 'डॉइच', जर्मन.

त्यांनी पासपोर्ट मिटून वरून पाहिला. अशोकाचे सिंह असतात त्या जागी पंख पसरलेला गरुड होता. मग त्यांनी पानं उलटून एक गोष्ट शोधली. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बापाचं नाव असतं. आईचंही असतं. त्यांनी सगळी पानं दोनदा पाहिली.

"इथे काय लिहिलंय गं?"

मुक्ताने अक्षरं जुळवली. "वोनऑर्ट, हॅम्बुर्ग. म्हणजे राहतो कुठे. ग्रोसं, म्हणजे उंची. आउगनफार्बं..." तिने स्वतःच्या डोळ्यापाशी बोट नेलं. "डोळ्याचा कलर. ब्राउन."

डोळे सुदामरावांचे होते. पण तशी नोंद नव्हती.

मागच्या गृहस्थांनी हलकेच खाकरून घेतलं. काउंटरवरची बाई सुदामरावांच्या तोंडाकडे पाहत होती.

"परत पाठवायचे?" तिने विचारलं.

"नाही," सुदामराव म्हणाले. "पत्ता बरोबर आहे."

त्यांच्या रागाची नातेवाइकांत ख्याती होती. तो आरडाओरड्याचा नव्हता. ते उठून चालू लागत. ब्याण्णव साली धाकटा भाऊ आत्माराम याच्याकडे शब्दाला शब्द लागला, तेव्हा ते पानावरचा अर्धा वरणभात सोडून उठले, हात धुतले आणि थेट उमरेडची एस.टी. पकडली. पुढे चार वर्षं भावाशी बोलले नाहीत. सुयश तेव्हा कॉलेजात होता आणि त्याच पंगतीत होता. सुदामरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खडी, पाणी, पाण्यापलीकडे बर्फाचा डोंगर, आणि मधे नांगर टाकलेलं जहाज. इथून उठून जायला एस.टी. नव्हती. पोरानं जागा विचार करून निवडली होती. फोटो लक्षात ठेवला होता, आणि पंगतही.

त्यांनी बाईकडे पेन मागितलं. कार्डावरच्या पत्त्यावर एकच आडवी रेघ मारली. मूळ पत्ता वाचता आला पाहिजे, हा नियम. बाजूला हॅम्बर्गचा पत्ता घातला, तो पाठ होता. वरच्या कोपऱ्यात, जिथे पोस्टमन शेरा लिहितो तिथे, बारीक अक्षरात लिहिलं: 'मालक पत्ता सोडून गेले.' खाली तारीख आणि सही. मजकुराला त्यांनी हात लावला नाही. तो अधिकार कोणालाच नसतो.

"हे किती दिवसांत पोचेल?"

"हॅम्बर्ग? दहा दिवस. कधी बारा."

त्यांचं नागपूरला परतायचं विमान आजपासून आठव्या दिवशी होतं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी शिक्का उचलला. गादीवर टेकवला, कडेवर ठेवला आणि लोळवला. कार्डावरचा ठसा असा उमटला की बाई 'ओह' म्हणाली. पासपोर्टांसाठी वेगळा शिक्का होता, गोल, मधे अस्वल, कडेने अक्षांशाचा आकडा. आधी त्यांनी स्वतःचा आणि कमलाबाईंचा केला. मग प्रियाचा. सुयशच्या पासपोर्टवरचा ठसा बहुधा त्यांच्या नोकरीच्या काळातही कधी उमटला नसेल इतका स्वच्छ होता. अस्वलाची नखंसुद्धा मोजता आली असती. शेवटी मुक्ताचा राहिला. तिने स्वतःच पान उघडून धरलं होतं आणि ती त्यांच्याकडे बघत होती, दात पडलेल्या जागी आता नवा दात आला होता. तिथे मात्र ठसा थोडा तिरका पडला.

"आबा, रागावलास?"

"छे. आता हे आपलं सरप्राइज. शिक्क्यांचं. पापाला सांगायचं नाही."

मुक्ताने गंभीरपणे मान डोलावली. तिच्याकडे आता दोन गुपितं झाली होती, आणि दोन्ही एकच होती.

धक्क्यावर सुयश आणि प्रिया भेटले. लांब चालून दोघांची नाकं लाल झाली होती. रबरी बोटीत सुयश वडिलांच्या शेजारी बसला. प्रिया समोर होती. तिने या वेळी लाथ मारली नाही, फक्त नवऱ्याकडे पाहत राहिली.

"बाबा," सुयश म्हणाला.

सुदामराव त्याच्याकडे वळून बसले. काउंटरच्या आत बसलेला माणूस बाहेरच्याकडे बघतो तसे, पूर्ण, घाई न करता. बोट निघाली. पाणी उडत होतं. या क्षणी पोरगं बोललं असतं तर सुदामराव काय म्हणाले असते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ऐकलं असतं. कार्ड अजून दहा दिवस लांब होतं.

"आल्झो... पोस्ट कसं वाटलं?"

"व्यवस्थित आहे. शिक्का आपटतात, तेवढं सोडलं तर."

"आज रात्री मासे आहेत जेवायला. चालतील ना?"

"चालतील."

सुयशने सुटकेचा श्वास टाकला, आणि प्रियाने समुद्राकडे तोंड फिरवलं. सुदामरावांनी खिशावर हात ठेवला. वाटेतल्या टपालातल्या मजकुराची वाच्यता करायची नाही, हा खात्याचा पहिला नियम होता, आणि तो त्यांनी कधीच मोडला नव्हता.

जहाजाच्या शिडीवर चढताना त्यांच्या मनात मात्र सुयश नव्हता. कमल होती. तिचा रक्तदाब. वरच्या मजल्याचे पडदे तिने स्वतः शिवले होते, मुक्ताच्या खोलीला मोरांचे. तिला हे कसं सांगायचं? आधी गोळी घेतली का विचारू. मग बसवू. पाण्याचा ग्लास हाताशी ठेवू. मग म्हणू, हे बघ, पोरं मोठी होतात... जिन्याच्या वळणावर त्यांनी वाक्य बदललं. केबिनच्या दारापर्यंत ते तीनदा बदललं, आणि दारात त्यांना सुयशचा धबधबा आठवला.

कमलाबाई खिडकीशी होत्या तशाच होत्या. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"आलात? किती वेळ! शिकवलंत ना शेवटी?"

"थोडंसं."

"मला माहीतच होतं. कान बघा, लाल झालेत."

"गोळी घेतलीस?"

"सकाळीच." त्यांनी चष्मा पुसून घातला. "काहून असं विचारता?"

सुदामरावांनी ग्लासात पाणी ओतून त्यांच्याजवळ ठेवलं. वाक्य आठवेना. शेवटी त्यांनी खिशातून लिफाफा काढून तसाच पुढे केला.

"शिक्के मारून आणले. सगळ्यांचे."

कमलाबाईंनी लिफाफा मांडीवर रिकामा केला. सुदामराव पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गरज पडली तर उठता यावं म्हणून पाय जमिनीवर टेकून.

कमलाबाईंनी आधी स्वतःचा पाहिला. मग सुदामरावांचा. मग लाल तीन, एकामागून एक, कव्हरकडे न बघता, थेट शिक्क्याचं पान. सुयशचा ठसा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. त्यावरून अंगठा फिरवायला गेल्या आणि शाई ओली असेल म्हणून थांबल्या.

"छान उमटलेत," त्या म्हणाल्या. "मुक्ताचा तेवढा तिरका आलाय."

सुदामराव वाट बघत होते.

"पोस्टात गर्दी होती?"

"होती."

कमलाबाईंनी पाचही पासपोर्ट एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि लिफाफ्यात घालू लागल्या. पाण्याच्या ग्लासाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. बाहेर नांगर वर ओढला जात होता, त्याची घरघर पायाखाली येत होती, आणि खिडकीतून ते निळं घर हळूहळू एका बाजूला सरकत होतं. एकशे अठरा जर्मन, सुदामरावांनी मनात दुरुस्ती केली. आणि दोन. मग त्यांनी लाल कव्हरं पाहूनही न चमकलेल्या कमलाबाईंकडे पाहिलं आणि दोन म्हणावं की एक, याचा विचार करत राहिले.

लाउडस्पीकरवर कोणीतरी जर्मनमध्ये प्रसन्न आवाजात जेवणाची वेळ सांगितली.

"कमल."

"अं?"

"अभ्यासिकेला खुर्च्या किती लागतील?"

"वीस," कमलाबाई लगेच म्हणाल्या. "भिंतीचं कपाट काढलं तर पंचवीस."

आणि मग त्यांचा हात लिफाफ्यावर तसाच राहिला.